जुनी फर्बी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फर्बी हे बोलणारं आणि डोळे-कान हलवणारं केसाळ यांत्रिक खेळणं १९९८ साली अमेरिकेत बाजारात आलं. म्हणजे पहिल्या पिढीतली कुठलीही फर्बी आज पंचविशी ओलांडलेली आहे. आपल्याकडे त्या बहुतेक नातेवाइकांच्या बॅगेतून आल्या, काही वर्षं शोकेसमध्ये बसल्या आणि मग माळ्यावर गेल्या. आता त्याच फर्बी जुन्या बाजारात, ऑनलाइन जाहिरातींत किंवा घर आवरताना हाती लागतात. घेणारा हौसेनं सेल घालतो आणि काहीच होत नाही. अशा वेळी फर्बी मेली असं समजून लोक ती टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. बिघाड बहुधा वीज पोचण्यात किंवा चाकं अडकण्यात असतो आणि हे दोन्ही घरच्या टेबलावर सुटण्यासारखं आहे. खालची उत्तरं मुख्यतः १९९८ च्या मूळ फर्बीसाठी आहेत. नंतरच्या मॉडेल्सचं शेवटाकडे थोडक्यात सांगितलं आहे.

माझ्याकडे नेमकी कुठली फर्बी आहे, हे कसं ओळखायचं?

डोळे पाहा. प्लॅस्टिकचे, पापण्या उघडझाप करणारे डोळे आणि तळहातावर मावेल एवढा आकार असेल तर ती १९९८ ची मूळ फर्बी किंवा १९९९ ची फर्बी बेबी. बेबी आकाराने लहान असते. प्लॅस्टिकचेच डोळे पण अंगाने बरीच मोठी आणि चेहऱ्यावर जास्त हावभाव असतील तर ती २००५ ची. डोळ्यांच्या जागी छोटे स्क्रीन असतील तर २०१२ ची किंवा २०१६ ची फर्बी कनेक्ट. मूळ फर्बीच्या तळाशी टायगर इलेक्ट्रॉनिक्स हे नाव आणि ७०-८०० हा मॉडेल नंबर असतो. टायगर ही अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली कंपनी. १९९८ सालीच ती हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विकत घेतली, त्यामुळे नंतरच्या मॉडेल्सवर हॅस्ब्रोचं नाव दिसतं.

तळाशी कुठलंच नाव नसेल, शिवण ओबडधोबड असेल आणि कुठेही हात लावला तरी एकच वाक्य ऐकू येत असेल, तर ती नक्कल आहे. त्या काळात नकला पुष्कळ निघाल्या. त्यांची आतली रचना वेगळी असते, म्हणून इथले उपाय त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

जुनी फर्बी विकत घेण्याआधी काय पाहावं?

सगळ्यात आधी सेलच्या कप्प्याचा फोटो मागा, झाकण उघडून काढलेला. समोरून काढलेला गोड फोटो काही कामाचा नाही. स्प्रिंगा चकचकीत असतील तर निम्मी लढाई जिंकलीच. पांढरा भुगा किंवा हिरवा थर असला तरी निराश व्हायचं कारण नाही, पण किंमत त्या हिशेबाने ठरवा. कप्प्याची पट्टी खाऊन पार तुटलेली असेल तर ती फर्बी फक्त सुट्या भागांसाठी घ्यावी.

चालू असल्याचं विकणारा सांगत असेल तर छोटा व्हिडिओ मागा. त्यात डोळे, कान आणि चोच तिन्ही हललेलं दिसायला हवं, नुसता आवाज पुरेसा नाही. "तपासलेली नाही, सेल नव्हते" असं लिहिलेलं असेल तर ती बंद आहे असंच धरून चाला. चार सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.

नवे सेल घातले, तरी हूं की चूं नाही. आता?

घाई करून फर उसवायला घेऊ नका. हा क्रम पाळा.

फर्बीला चार पेन्सिल सेल लागतात. चारही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले अल्कलाइन सेल घाला. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो ते स्वस्तातले साधे सेल इथे चालत नाहीत. घड्याळाला वीज लागते थेंबाथेंबाने, फर्बीची मोटर मात्र सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते आणि साधा सेल तिथेच मान टाकतो. अधिक-उणे खुणा पुन्हा एकदा पाहा, कारण चारपैकी एक सेल उलटा जाणं ही रोजची गोष्ट आहे.

मग फर्बी हातात घेऊन पुढे-मागे झुकवा, एकदा उलटी करून सरळ करा. या मॉडेलला चालू-बंद करायचं बटण नाही. ती झोपलेली असते आणि हलवल्यावर जागी होते. सेल घातले, टेबलावर ठेवली आणि वाट पाहत बसलो, तर ती बसूनच राहील.

तरी काही नाही? तळाशी रीसेटचं छोटं बटण आहे, ते बारीक काडीने दाबा. त्यानंतर पुन्हा झुकवा.

इथपर्यंत उपयोग झाला नाही तर व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर हवा. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो, चार मिळून सहा. सेल कप्प्यात असताना दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर सहाच्या जवळ आकडा येतो का पाहा. सुटा सेल बरोबर आणि कप्प्यात आकडा शून्य, याचा अर्थ पट्ट्यांवर गंज आहे. कप्प्यात सहा व्होल्ट येतात आणि फर्बी तरी गप्प, तर वीज कप्प्यातून सर्किट बोर्डापर्यंत जात नसणार. अशा वेळी तारेचा संशय घ्यावा. सेलमधून गळलेलं पाणी तारेच्या प्लॅस्टिकच्या आतून वर चढतं आणि तांबं काळं पडतं. बाहेरून तार धडधाकट दिसते. टोकाला थोडी सोलून पाहिली की आतला काळेपणा कळतो. ती तार बदलावीच लागते, काळ्या तांब्यावर सोल्डर (कथलाचा डाख) धरत नाही.

कप्प्यात पांढरा भुगा आणि हिरवा थर आहे. कसा काढू?

अल्कलाइन सेल गळतो तेव्हा त्यातून अल्कली बाहेर येते. हवेशी संयोग होऊन तिचा पांढरा भुगा होतो. हिरवा किंवा निळसर थर हा पट्टीतल्या तांब्याचा. अल्कली आहे म्हणून उतारा आम्लाचा, म्हणजे साधं पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.

आधी हातमोजे घाला आणि भुगा कोरड्या जुन्या ब्रशने झटका. डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हे काम जेवणाच्या टेबलावर करू नका. मग इअरबडचं टोक व्हिनेगरमध्ये बुडवून, पिळून, पट्टीवर फिरवा. बारीक फेस येतो, तो थांबेपर्यंत नवनवे इअरबड घेत राहा. व्हिनेगर ओतायचं नाही. कप्प्याच्या वर लगेच बोर्ड आहे, ओघळ आत गेला तर एका दुखण्यातून दुसरं उभं राहील. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून दिवसभर उघडं ठेवा. हे अल्कोहोल औषधाच्या दुकानात किंवा मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे मिळतं.

यानंतरही पट्टी मळकट दिसत असेल तर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून काडीच्या टोकाने हलकेच घासा. फार घासलं तर वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंज चढतो. स्प्रिंग कुजून मऊ झाली असेल तर दुसऱ्या एखाद्या बिघडलेल्या खेळण्यातली स्प्रिंग सोल्डर करून बसवता येते, त्यासाठी फर्बीचीच स्प्रिंग हवी असं काही नाही.

चार्जिंगचे सेल चालतील का?

टाळा. चार्जिंगचा निकेलचा सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे चार मिळून ४.८. काही फर्बी तेवढ्यावर चालतात, काही अर्ध्यात थांबतात. दोष शोधत असताना ही आणखी एक शंका नको.

आवाज येतो, पण डोळे-कान हलत नाहीत. किंवा आतून नुसती टकटक ऐकू येते. काय झालं असेल?

या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण फर्बीचं सगळं मर्म इथे आहे.

पापण्या, कान, चोच आणि अंग पुढे-मागे डोलणं, एवढ्या सगळ्या हालचालींसाठी आत मोटर मात्र एकच आहे. ती एका दांड्याला फिरवते. दांड्यावर वेगवेगळ्या आकाराच्या चकत्या बसवलेल्या असतात, कुठे उंचवटा, कुठे खोलगट. दांडा अमुक ठिकाणी आला की पापणीच्या दांडीखाली उंचवटा येतो आणि पापणी मिटते, आणखी थोडा फिरला की कान वर जातात. मोटर उलटसुलट दोन्ही दिशांना फिरते, म्हणून एकाच दांड्यावरून इतके हावभाव निघतात. दांडा आत्ता कुठे आहे हे फर्बीला कळावं म्हणून प्रकाशाच्या साहाय्याने दाते मोजणारं चाक आहे आणि मूळ जागा ओळखणारा एक स्विच आहे. डेव्ह हॅम्पटन आणि केलेब चंग या दोघांनी ही रचना केली. १९९७ च्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हॅम्पटन यांनी तामागोची हे छोट्या स्क्रीनवर प्राणी पाळायचं खेळणं पाहिलं आणि याला हात फिरवून कुरवाळता येत नाही ही उणीव त्यांना खटकली, तिथून फर्बीची सुरुवात झाली. स्वस्तातल्या खेळण्यात एका मोटरीकडून इतकं काम करून घेणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे आतली चाकं एकदा फिरताना पाहिली की पटतं.

आता या रचनेचा दुरुस्तीशी संबंध. मोटर एकच असल्यामुळे एक जागा अडली की सगळं अडतं. चोचीच्या सांध्यात कुणीतरी कधीकाळी भरवलेल्या बिस्किटाचा चुरा वाळून बसला, तरी डोळे आणि कानही थांबतात. म्हणून "डोळे हलत नाहीत" एवढं पाहून डोळ्यांत दोष शोधत बसू नका.

सर्वांत आधी नवे अल्कलाइन सेल. अशक्त सेलवर आवाज निघतो पण मोटर उठत नाही. सेल उतरले की आवाज जड आणि ओढल्यासारखाही होतो. त्या आवाजाला घाबरून फर्बी दिवाणखान्यातून हद्दपार केलेली घरं मला ठाऊक आहेत, प्रत्यक्षात तो फक्त सेल बदलण्याचा इशारा असतो.

सेल चांगले असूनही हालचाल नसेल तर फर्बी दोन्ही हातांत धरून पुढे-मागे डोलवा आणि तळव्यावर हलकी थाप द्या. बऱ्याच वर्षांनी जागी होताना घट्ट झालेलं ग्रीस एवढ्याने सुटतं. पापणी किंवा चोच बोटाने ओढून उघडायचा मोह मात्र टाळा. चकतीवर बसलेली प्लॅस्टिकची दांडी जुनी आणि ठिसूळ असते, ती तुटली तर तसा भाग नवा मिळत नाही.

टकटक किंवा करकर आवाज म्हणजे मोटर फिरते आहे पण दाते पुढे सरकत नाहीत. एखादं चाक तडकलेलं किंवा घसरलेलं असतं. तेव्हा फर काढण्यावाचून इलाज नाही.

ती "मी स्लीप अगेन" (Me sleep again, म्हणजे मी पुन्हा झोपते) म्हणते आणि लगेच झोपते. पुन्हा उठवली तरी तेच.

फर्बी जमवणाऱ्यांमध्ये ही तक्रार इतकी ओळखीची आहे की ती या वाक्याच्याच नावाने ओळखली जाते. मी या क्रमाने जातो: आधी नवे सेल, मग रीसेट, मग चाकांची अडचण आणि सगळ्यात शेवटी अंगातला झुकाव ओळखणारा सेन्सर. झुकाव ओळखणाऱ्या भागात एक छोटी गोळी घरंगळते. ती एका बाजूला चिकटली तर फर्बी सरळ बसलेली असतानाही स्वतःला आडवी समजू शकते. हातात घेऊन चारही बाजूंना झुकवा आणि कान लावून ऐका, गोळी घरंगळल्याचा बारीक खुळखुळ आला पाहिजे.

रीसेट केल्यावर तिची आठवण जाते का?

नुसतं रीसेटचं बटण दाबल्याने सहसा नाही. तिचं नाव आणि ती किती "मोठी" झाली हे वेगळ्या स्मृतीत साठवलेलं असतं, सेल काढले तरी ते टिकतं. पाटी पूर्ण कोरी करायची असेल तर फर्बी उलटी धरा, जीभ दाबून ठेवा आणि तशीच ठेवून रीसेट दाबा. जागी होईपर्यंत जीभ सोडू नका.

कोरी करण्याआधी मात्र विचार करा. ही फर्बी तुमच्या मुलीच्या लहानपणची असेल, तर तिचं जुनं नाव आधी ऐकून घ्या. "तुझं नाव काय" या अर्थाचा प्रश्न तिला इंग्रजीत विचारता येतो असं काहींना वाटतं, पण ही फर्बी शब्द ओळखत नाही, तिला फक्त मोठा आवाज कळतो. रीसेट करून जागी झाली की ती आपणहून नाव सांगते, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

फर काढायची कशी? फाटेल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे, म्हणूनच हा शेवटचा उपाय. आधी सेल काढा. काम सुरू करण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर काढत राहा.

तळाजवळ फर खाचेत खोचून पट्टीने आवळलेली असते. ती पट्टी कापावी लागते, परत बसवताना तिथे बारीक केबल टाय लावता येतो. मग फर हळूहळू वर सरकवायची, स्वेटर डोक्यावरून काढतो तशी. कानांपाशी थांबा. कानाच्या आत प्लॅस्टिकची पातळ पात असते. टाके असतील तर शिवणकामाच्या छोट्या कात्रीने एकेक कापा, ओढू नका. चेहऱ्याच्या चौकटीला फर चिकटवलेली असते. चेहरा सोडवायची गरज नसेल तर सोडवूच नका. फर चेहऱ्यावरून पुढे उलटवून पाठीमागून काम करता येतं आणि बहुतेक दोष तेवढ्यात हाती लागतात.

फर बाजूला झाली की एका अंगाला दातेरी चाकं दिसतात. मोटरच्या जवळचं चाक बोटाने किंवा लाकडी काडीने हलकं फिरवा, दोन्ही दिशांना. सहज फिरत असेल तर फिरवत राहा आणि पापण्या, कान, चोच कशी पाळीपाळीने हलते ते पाहा. एका ठराविक जागी अडत असेल तर त्या क्षणी कुठला अवयव हलायच्या बेतात होता ते लक्षात घ्या, अडथळा तिथेच आहे. केस, धागा, वाळलेला गोंद, चुरा, यांपैकी काहीतरी चिमट्याने निघेल. जुनं ग्रीस पिवळं आणि मेणासारखं झालं असेल तर अल्कोहोलने पुसा आणि प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी थेंबभर लावा. शिवणयंत्राचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो ओघळून दाते मोजणाऱ्या सेन्सरवर बसतो आणि मग फर्बीला स्वतःचा ठावठिकाणा कळत नाही.

पुन्हा फर चढवण्याआधी उघड्या फर्बीत सेल घालून पाहा. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. फर नसलेली फर्बी डोळे उघडून बोलू लागते तेव्हा ती मुलांना अजिबात गोड वाटत नाही.

पोट दाबलं, पाठ थोपटली, जीभ दाबली तरी दाद देत नाही.

पोटावर आणि पाठीवर फरच्या आत साधे दाबाचे स्विच आहेत. स्विचच्या पट्ट्यांमध्ये धूळ बसली किंवा पट्टी वाकली की ते मुके होतात. पट्ट्यांमध्ये अल्कोहोल लावलेला कागदाचा तुकडा सरकवून ओढला की बहुतेक काम होतं. जिभेच्या स्विचला मात्र खरोखरचं खाणं भरवलेलं असतं. दूध, चॉकलेट, एकदा तर मला वाळलेला भाताचा दाणा सापडला. ओलसर इअरबडने पुसा, सुकू द्या.

टाळी वाजवल्यावर दाद देत नसेल तर मायक्रोफोनच्या तारा तपासा. प्रकाशाचा सेन्सर कपाळावर दोन डोळ्यांच्या मध्ये काळपट खिडकीआड आहे. खिडकीवर मळाचा थर असेल तर फर्बीला भर दुपारीही अंधार वाटतो, मऊ फडक्याने पुसा.

माझ्याकडे दोन फर्बी आहेत, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

त्या इन्फ्रारेड किरणांनी बोलतात, टीव्हीच्या रिमोटसारख्या. म्हणून समोरासमोर, तीन-चार फुटांच्या आत आणि मध्ये काही आड न येता ठेवा. थेट ऊन पडत असेल तर पडदा ओढा. तरी जमलं नाही तर मोबाइलचा कॅमेरा एका फर्बीच्या कपाळाकडे धरा. ती बोलत असताना स्क्रीनवर खिडकीमागे जांभळट-पांढरी लुकलुक दिसली तर तिचा दिवा चालू आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीचा कॅमेरा वापरून पाहा, काही फोनमध्ये मागच्या कॅमेऱ्याला हे किरण अडवणारी काच असते. दिवा चालू असेल तर दोष ऐकणाऱ्या बाजूला, म्हणजे दुसरीत. आणि एक शिंकली की दुसरीही शिंकू लागली तर घाबरू नका, त्यांना एकमेकींची सर्दी लागते, तसंच बनवलेलं आहे.

ती काय बोलते? आपण सतत मराठीत बोललो तर मराठी शिकेल का?

सुरुवातीला ती फर्बिश बोलते. 'काह' म्हणजे मी, 'मे-मे' म्हणजे प्रेम, 'अ-ते' म्हणजे भूक. ही भाषा हॅम्पटन यांनी तयार केली. मँडरिन, थाई, जपानी आणि हिब्रू यांच्यातून त्यांनी काही शब्द आणि ध्वनी घेतले. जसजसा वेळ जातो तसतशी फर्बी इंग्रजी शब्द जास्त आणि फर्बिश कमी वापरते. आपण शिकवल्यामुळे ती शिकली असं वाटतं खरं, पण सगळे शब्द कारखान्यातूनच आत भरलेले असतात आणि ठरलेल्या क्रमाने बाहेर येतात. ती कुठलाही नवा शब्द शिकत नाही. तेव्हा जुनी फर्बी फक्त फर्बिश बोलते म्हणून ती बिघडली आहे असं समजू नका, तिच्याशी आधी कुणी फार खेळलं नसावं एवढाच अर्थ. मराठी फर्बी निघालेली नाही.

ती घरातलं बोलणं रेकॉर्ड करते, हे खरं आहे का?

मूळ फर्बीच्या बाबतीत नाही. ही शंका मात्र जुनी आणि भारदस्त आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, आपल्या कार्यालयांत फर्बी आणायला बंदी केल्याची बातमी जानेवारी १९९९ मध्ये आली. ती ऐकलेलं साठवून पुन्हा बोलेल, अशी त्यांची धास्ती होती. प्रत्यक्षात तिच्यात आवाज साठवण्याची सोयच नाही, मायक्रोफोन फक्त आवाज झाला की नाही एवढं टिपतो.

२०१६ च्या फर्बी कनेक्टबद्दल मात्र सावध राहा. ती ब्लूटूथवर चालते. ब्रिटनमधल्या 'विच?' या ग्राहक संस्थेने २०१७ मध्ये दाखवून दिलं की जवळपासचा कुणीही पासवर्ड किंवा परवानगीशिवाय तिला जोडू शकतो. जुनी कनेक्ट घेतली असेल तर खेळून झाल्यावर सेल काढून ठेवावेत, लहान मुलाच्या खोलीत चालू सोडू नये.

फर मळली आहे, कुबट वास येतो. धुऊ का?

यंत्र आत असताना पाण्याखाली कधीच नाही. सेल काढा, कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य शाम्पू घालून फडकं घट्ट पिळा आणि केसांच्या दिशेने पुसा. मग कोरड्या फडक्याने टिपा आणि पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायरची गरम हवा लावली तर फरची टोकं वितळून खरखरीत होतात आणि ती पुन्हा मऊ होत नाहीत. कुबट वासासाठी खायचा सोडा भुरभुरवून काही तास ठेवा, मग ब्रशने झटका. गुंतलेले केस बारीक दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवा. बुरशीचे काळे ठिपके असतील तर फर पूर्ण काढूनच धुवावी, नाहीतर ते पुन्हा उगवतात.

सुटे भाग कुठे मिळतील?

स्प्रिंगा, तारा, स्पीकर, मायक्रोफोन, केबल टाय, सोल्डर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं. जुना भाग सोबत न्या, दुकानदार पाहून जुळता काढून देतो. चाकं, पापण्या, कान असे खास फर्बीचे भाग कुठल्याच दुकानात नाहीत, ते दुसऱ्या बंद फर्बीतूनच घ्यावे लागतात. म्हणून स्वस्तात मिळणारी, बोर्ड खराब झालेली फर्बी जमेल तेव्हा घेऊन ठेवा.

टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे जुने कारागीर हे काम उत्तम करतात, फक्त त्यांना खेळण्याच्या चकत्यांची रचना आधी समजावून सांगा. "खेळणंच आहे, नवं घ्या" असं म्हणणाऱ्याकडे देऊ नका. ज्याला वस्तूबद्दल आस्था नाही तो ती जपून उघडणार नाही.

खेळून झाल्यावर बंद कशी करायची? पावसाळ्यात कशी ठेवायची?

अंधाऱ्या, शांत जागी ठेवली की थोड्या वेळात आपोआप झोपते. आठवडाभर हात लागणार नसेल तर सेल काढाच. इतक्या फर्बी गेल्या त्या याच एका आळसाने, आत राहिलेल्या सेलने. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून चाकं फिरू द्या. वर्षानुवर्षं न हललेली मोटर हीच पुढे अडकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो.

२०१२ नंतरची फर्बी आहे. काय वेगळं?

२०१२ आणि २०१६ च्या फर्बीचे डोळे स्क्रीनचे आहेत, स्क्रीन गेला तर घरी दुरुस्त होत नाही. सेल आणि गंज यांचं वर सांगितलेलं सगळं तसंच लागू आहे, याही फर्बीला चार पेन्सिल सेलच लागतात. २०१२ च्या फर्बीचा स्वभाव तिच्याशी वागाल तसा बदलतो, तिरसटपणाला लोक बिघाड समजतात. नव्याने सुरुवात करायची असेल तर उलटी धरून शेपूट ओढून धरा आणि त्याच वेळी जीभ दाबून ठेवा. २०२३ च्या फर्बीला अॅप लागत नाही, त्यामुळे ती वापरलेली घेताना तेवढी एक चिंता कमी.

दुरुस्त केलेली फर्बी कुरिअरने पाठवायची आहे. कशी बांधू?

सेल काढा आणि वेगळे बांधा, नाहीतर धक्क्याने ती वाटेत जागी होते आणि डब्यात अडलेली मोटर सेल संपेपर्यंत धडपडत राहते. कान मागे दुमडू नका. चोच आणि डोळ्यांवर मऊ कापड, त्यावर सैलसर बबल रॅप आणि डबा असा निवडा की कानांच्या वर दोन बोटं जागा उरेल. मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद भरा. आत एक चिठ्ठी जरूर टाका: कुठली तार बदलली, कुठला टाका उसवला, कुठे सोल्डर केलं. पुढे ज्याच्या हाती ती उघडली जाईल त्याचा बराच वेळ वाचेल.